‘रक्तातच आहे’ म्हणणाऱ्यांनो, पंधराही पेट्या पाहा!

गेल्या महिन्यात नागपुरातील एका कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनाला जाण्याचा योग आला. न्यायालयाचे काम आटोपून, काळा कोट हातावर टाकून आम्ही तसेच गेलो, कारण आमच्या वस्तीतील एका मुलीचे काम तेथे लागले होते. भिंतींवर तैलचित्रे, जलरंग, टेबलांवर मातीची शिल्पे. कोपऱ्यातील एका पडद्यावर मात्र एक पत्र्याची पेटी संथपणे स्वतःभोवती फिरत होती. हिरवा तेलरंग, कडी-कोयंडा, कोपऱ्यांवर खरचटलेला पत्रा, बुडाला धरलेला गंज, झाकणावर वर्षानुवर्षे हात लागून आलेला गुळगुळीतपणा. आम्ही फसलो. कोणीतरी जुन्या पेटीची चित्रफीत काढून लावली आहे, असेच आम्हांस वाटले. प्रत्यक्षात ती पेटी जगात कोठेच नव्हती. संगणकात रचलेला एक पोकळ सांगाडा आणि त्यावर डिजिटल रंगकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या मुलीने चढवलेले रंग, एवढाच तो ऐवज!

आमच्या शेजारी एक मान्यवर परीक्षक उभे होते. त्यांनाही काम आवडले. त्यांनी मुलीला जवळ बोलावले. आडनाव विचारून झाले, वस्ती विचारून झाली, वडील काय करतात तेही विचारून झाले. वडील पेंटर आहेत हे कळताच त्यांचा चेहरा खुलला आणि ते आमच्याकडे वळून म्हणाले, “या लोकांच्या हातात कला उपजतच असते हो! रक्तातच असते.” मुलगी काही बोलली नाही. दिवसभर न्यायालयात घसा कोरडा करणारे आम्हीही बोललो नाही. कौतुक करणाऱ्या माणसाला अडवायचे कसे, हे त्या क्षणी सुचले नाही. घरी आलो आणि जेवताना घास घशाखाली उतरेना. त्या वेळी द्यायचे राहून गेलेले उत्तर येथे देत आहोत. मात्र ते नीट कळायला हवे तर हे काम काय असते ते आधी समजून घ्यावे लागेल. वाचकांनी थोडा धीर धरावा.

संगणकावरील त्रिमितीय वस्तू प्रथम नुसत्या आकाराची असते. शाडूची, न रंगवलेली मूर्ती समजा. तिला लोखंड, लाकूड, चामडे, कातडी यांचे रूप द्यायचे तर तिच्यावर चित्र चढवावे लागते. या कामाला टेक्स्चरिंग म्हणतात. वाकड्यातिकड्या पृष्ठभागावर सपाट चित्र गुंडाळण्याची ही युक्ती एडविन कॅटमुल यांनी १९७४ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठातील आपल्या प्रबंधात मांडली. पुढे हेच गृहस्थ पिक्सार या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. १९९० मध्ये पॅट हॅनरहॅन आणि पॉल हेबर्ली यांनी आणखी पुढची पायरी दाखवली. सपाट चित्र वेगळे काढून चिकटवण्यापेक्षा त्रिमितीय वस्तूवरच थेट ब्रश फिरवायचा. आणि नुसता रंगच नव्हे तर चकाकी, उंचसखलपणा हेसुद्धा ब्रशने रंगवायचे. कॅटमुल आणि हॅनरहॅन यांना २०१९ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. संगणकशास्त्रातील नोबेल म्हणून तो ओळखला जातो. सांगायचा मुद्दा असा की ज्याला लोक ‘कॉम्प्युटरवर चित्रं काढणे’ म्हणून उडवून लावतात, त्यामागे एवढी विद्या उभी आहे.

रंगवण्याआधी वस्तूची शिवण उसवावी लागते. याला यूव्ही उलगडणे म्हणतात. शिंपी पोलक्याचे तुकडे कापडावर कसे मांडतो? येथे उलटे करायचे. शिवलेले पोलके उसवून तुकडे सपाट अंथरायचे, म्हणजे त्यांच्यावर चित्र काढता येते. शिवण कोठे उसवायची हे चुकले तर रंग ताणला जातो, आणि नको तेथे शिवणीची रेघ दिसते. आमच्या या मुलीची पहिली पेटी येथेच फसली. झाकणावरचा गंज ठिपक्यांसारखा आणि बाजूचा गंज ओढलेल्या चिंचेच्या कोळासारखा! तिला वाटले ब्रश चुकला. चूक ब्रशाच्या कितीतरी आधीची होती. मग तिने पेटीवर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन चढवून पाहिले. चौकोन सगळीकडे सारखे आणि चौरस दिसेपर्यंत शिवणी बदलायच्या, आणि मगच रंगाला हात लावायचा. यात तिचे आठ दिवस गेले.

हे सारे चालले होते आमच्या विहाराच्या वाचनालयात. तेथे दोन संगणक आहेत, दोन्ही वर्गणीतून घेतलेले आणि दोन्ही म्हातारे. चित्राची बाजू २०४८ ठिपक्यांची ठेवली तर संगणक चालतो, ४०९६ केली की मान टाकतो. चित्राची बाजू दुप्पट झाली की ठिपके चौपट होतात, हे गणित त्या खोलीत बसणाऱ्या सातवी-आठवीच्या पोरांनाही आता पाठ झाले आहे. पेन टॅब्लेट एका सीनियर मुलाकडून जुना विकत घेतला. सॉफ्टवेअर कोठून आले? तेही सांगतो, लपवत नाही. वर्गातल्या एकाने पेनड्राइव्हवर सबस्टन्स पेंटरची चोरटी प्रत दिली होती. हे या कामातील नावाजलेले सॉफ्टवेअर. फ्रान्समधल्या अलेगोरिथमिक कंपनीने ते काढले आणि २०१९ मध्ये अडोबीने ती कंपनीच विकत घेतली. आम्ही ती प्रत पाहिली आणि मुलीला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३-ब वाचायला दिले. बेकायदेशीर प्रत आहे हे माहीत असताना संगणक प्रणाली वापरली तर कमीत कमी सात दिवस ते जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. मुलगी घाबरली. आम्हांलाच वाईट वाटले. ज्या घरात महिन्याच्या सिलिंडरचा हिशेब होतो, त्या घरातील मुलीने सॉफ्टवेअरचे दरमहा भाडे भरायचे कोठून? पण उद्या नोकरीला गेल्यावर पहिल्याच दिवशी मान खाली घालावी लागू नये, म्हणून ती प्रत पुसून टाकायला लावली.

तिची जागा ब्लेंडरने घेतली. वाचक हो, या सॉफ्टवेअरची कथा आपल्या मुलांना अवश्य सांगा. हॉलंडच्या टोन रूझेनडाल यांनी ते तयार केले. त्यांची कंपनी बुडाली आणि सॉफ्टवेअरचे हक्क गुंतवणूकदारांकडे अडकले. २००२ साली जगभरातील वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी जमवली आणि ते सॉफ्टवेअर सोडवून सर्वांसाठी खुले केले. तेव्हापासून ते मोफत आहे आणि मोफत म्हणजे कायदेशीर मोफत. याच ब्लेंडरमध्ये लॅटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिस यांनी ‘फ्लो’ हा चित्रपट केला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. वर्गणीची ताकद आपल्या समाजाला वेगळी शिकवायला नको. सपाट चित्रासाठी क्रिटा हे मोफत सॉफ्टवेअर आहे. पुढे तिच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सबस्टन्स पेंटर परवान्यासह आले. तेव्हा तेही ती शिकली, पण आठवड्यातून दोनच तास. बाकीचे शिक्षण विहारात झाले.

आता पेटीकडे वळू. दुसऱ्या आणि तिसऱ्या पेटीत तिने एक चूक केली, जी या कामात नवखा प्रत्येक जण करतो. सॉफ्टवेअरमध्ये मेटॅलिक नावाचा एक गुण असतो. धातू असेल तर एक, नसेल तर शून्य. पेटी लोखंडी, म्हणून तिने सगळीकडे एक दिला. परिणाम असा की हिरवी पेटी मिठाईच्या खोक्यावरील चमकीच्या कागदासारखी दिसू लागली! कारण सोपे आहे, पण ते कळायला वेळ लागतो. पेटी लोखंडाची असली तरी आपल्या डोळ्यांपुढे जो थर आहे तो तेलरंगाचा, आणि तेलरंग धातू नव्हे. गंजही धातू नव्हे. रंग उडून जेथे उघडा पत्रा दिसतो तेवढ्याच जागी एक, बाकी सर्वत्र शून्य. वस्तूवर प्रकाश कसा पडतो व परततो याचे नियम धरून रंगवण्याची ही पद्धत आज सगळीकडे चालते. डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी २०१२ मध्ये ‘रेक-इट राल्फ’ चित्रपटाच्या निमित्ताने ती सुटसुटीत करून मांडली आणि नंतर बहुतेक सॉफ्टवेअरनी उचलली.

चौथ्या पेटीपासून गाठ पडली रफनेसशी. पृष्ठभाग किती गुळगुळीत, किती खरबरीत ते सांगणारे हे चित्र राखाडी रंगात काढतात. काळे तेथे आरसा, पांढरे तेथे खडू, मधल्या छटा मधल्या. महाविद्यालयात तिने रंग शिकले होते. येथे रंगच नव्हता आणि तरीही रंगवायचे होते. एके रात्री वीज गेली असता तिने आजीच्या खऱ्या पेटीवर मोबाईलचा उजेड तिरका धरला. समोरून एकसारखा दिसणारा हिरवा रंग तिरक्या उजेडात वेगवेगळा झाला. कडीभोवती, जेथे रोज हात लागतो तेथे चकाकी. मागे भिंतीकडे धूळ बसलेली, मंद. मधोमध कधीतरी तेलाची बाटली ठेवल्याचे वर्तुळ. तिने तेथेच बसून वहीत आकृती काढली. ती वही आम्ही पाहिली आहे. तिच्यात रंगाचे नाव कोठेच नाही. ‘हात’, ‘धूळ’, ‘तेल’, ‘पाणी’ एवढेच शब्द बाणांसह लिहिलेले आहेत.

तरीही पाचवी पेटी भलतीच चकचकीत आली. तीन दिवस शोध चालला. रफनेसचे चित्र हे रंगाचे चित्र नसून आकड्यांची माहिती आहे, हे ब्लेंडरला एका खुणेने सांगावे लागते. ती खूण राहिली होती. त्यामुळे संगणक ते रंग समजून मधल्या राखाडी छटा गडद धरत होता आणि गडद म्हणजे गुळगुळीत. तीन दिवस एका खुणेपायी! कोणी सांगणारे असते तर तीन मिनिटांचे काम होते. ज्यांच्या घरात, शेजारात, नात्यात या क्षेत्रातील माणूस असतो त्यांचे हे तीन दिवस वाचतात. असे तीन-तीन दिवस जोडत गेले की वर्षे होतात. आणि मग त्या वर्षांच्या फरकाला आपल्याकडे ‘गुणवत्ता’ असे नाव पडते.

मध्येच एक गंमत. खडबडीतपणा, पोचे, चरे दाखवायला नॉर्मल मॅप नावाचे चित्र वापरतात. जिम ब्लिन यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले होते की पृष्ठभाग खरोखर उंचसखल न करता, तो कोणत्या दिशेला तोंड करून आहे याबाबत संगणकाला फसवले तरी सुरकुत्या दिसतात. हे त्याच विचाराचे पुढचे रूप. दिशेचे तीन आकडे लाल, हिरव्या, निळ्या रंगात साठवतात. पृष्ठभागातून सरळ बाहेर येणारी दिशा निळ्यात जाते, म्हणून ते सबंध चित्रच निळसर दिसते. वाचनालयातल्या पोरांनी ते पाहून एकच गलका केला, “ताईनं पेटी निळी केली!” निळा दिसला की आपल्या पोरांना दम निघत नाही. ताईने मग त्यांना सदिशांचे गणित समजावून सांगितले. सातवीच्या पोरांना! त्यातले किती समजले कोण जाणे, पण कोणी उठून गेले नाही.

सातव्या पेटीला तिचे वडील आले. हे गृहस्थ एकेकाळी आमच्या भागातले नावाजलेले पेंटर. १४ एप्रिल जवळ आला की यांना झोप नसे. भिंतींवरची अक्षरे, दुकानांच्या पाट्या, मिरवणुकीच्या गाडीमागचा बाबासाहेबांचा भव्य पडदा, सारे यांच्या हातचे. मग फ्लेक्स आला. एका रात्रीत छापून मिळणाऱ्या कापडापुढे आठ दिवसांच्या ब्रशाला कोण विचारणार? आज ते घरांना रंग देतात. त्यांनी मुलीच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिले आणि विचारले, “हिरव्याखाली लाल कुठं हाय?”

मुलीला कळेना. ते म्हणाले, “पत्र्यावर सीधा हिरवा कोणी मारते का? पयले रेड ऑक्साइड, मंग तेलरंग. हिरवा निघाला का आधी लाल दिसते, मंग पत्रा. अन् जंग सगळीकडे काऊन लावला? पाण्याले जिथं बसाले जागा भेटते तिथंच जंग लागते. उभ्या पत्र्यावरून पाणी निघून जाते.”

दहा मिनिटांचे बोलणे. आठवी पेटी थरांची झाली. सर्वांत खाली पत्रा, त्यावर लाल अस्तर, त्यावर हिरवा, सर्वांत वर धूळ आणि हातांची चकाकी. प्रत्येक थराला कोठे दिसायचे आणि कोठे लपायचे ते सांगणारा वेगळा मुखवटा. हिरव्याचे भोक मोठे, लालचे त्याहून थोडे लहान, म्हणजे खरचटलेल्या जागेभोवती लाल कड आपोआप उरते. ती बारीक लाल कड आल्याबरोबर पेटी पेटीसारखी दिसू लागली.

येथे मान्यवर परीक्षक म्हणतील, पाहा, आम्ही काय म्हणालो! बापाचीच विद्या मुलीत उतरली. थांबा महाराज. उतरली नाही, सांगितली गेली. सात पेट्या होईपर्यंत ती त्यांच्याच पोटची मुलगी होती आणि तरीही हिरव्याखालचा लाल तिला ठाऊक नव्हता. रक्तात असता तर पहिल्याच पेटीत दिसला असता. ती दहा मिनिटे वर्गातल्या कोणत्याही मुलाला, कोणत्याही आडनावाच्या मुलाला मिळाली असती, त्याने एखाद्या पेंटरशेजारी उकिडवे बसून विचारले असते तर. बसत नाहीत, विचारत नाहीत, हा त्यांचा प्रश्न. आणि आमच्या पेंटरभाऊंना तरी ही विद्या कोणी दिली? त्यांचे वडील गिरणीत कामाला होते. त्यांनी एका पेंटरकडे पाच वर्षे डबे धुतले, पॉलिश पेपर घासला, लांबी भरली, तेव्हा कोठे ब्रश हाती आला.

बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या, होऊ न दिलेल्या भाषणात हाच मुद्दा सोडवून ठेवला आहे. जात ही कामाची वाटणी नव्हे, ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे. आणि ती माणसाच्या कुवतीवर किंवा आवडीवर नव्हे तर आईबापांच्या दर्जावर ठरते. ‘रक्तातच आहे’ हे कौतुकाचे वाक्य त्याच वाटणीची पावती आहे. हाताचे काम यांच्या रक्तात असे एकदा मान्य केले की गणित यांच्या रक्तात नाही, कायदा यांच्या रक्तात नाही, हे ओघाने आलेच. आम्ही वकिली सुरू केली तेव्हा एका ज्येष्ठ वकिलांनी आम्हांला अगदी प्रेमाने विचारले होते, “तुम्ही त्यापेक्षा सामाजिक कार्य का नाही करत? ते तुमच्यात उपजतच आहे.” असो.

नवव्यापासून बाराव्या पेटीपर्यंतचा काळ तिच्या मते सर्वांत वाईट गेला. प्रयोगशाळेतील सबस्टन्स पेंटरमध्ये तयार मसाले असतात. एक कळ दाबली की सॉफ्टवेअर स्वतःच वस्तूच्या कडा शोधते आणि तेथला रंग उडवून देते. फार झटपट, फार देखणे. तिच्या चार पेट्या अशा झाल्या. शिक्षकांनी चांगले म्हटले, मित्रांनी वाहवा केली. तिला मात्र काहीतरी खुपत होते. पेटीच्या साऱ्याच कडा सारख्या झिजल्या होत्या! संगणकाला कड कळते. ती पेटी कोण उचलते, कोणत्या हाताने उघडते, ती खाटेखाली कशी सरकवली जाते, हे त्याला कोण सांगणार? आजीची पेटी डावीकडून भिंतीला लागलेली. डावी कड जवळजवळ कोरी. उजवी पार घासलेली, कारण खाटेचा लोखंडी पाय तेथे लागतो. कडीच्या उजव्या बाजूला अंगठा पडतो, डाव्या बाजूला नाही. तेराव्या पेटीत तिने तयार मसाला अर्धा पुसला आणि ती झीज हाताने, टॅब्लेटच्या पेनाने रंगवली. चौदाव्यात ओल लागून बुडाला फुगलेल्या रंगाच्या पापुद्र्यांवर तिने काम केले. पंधरावी प्रदर्शनात लागली.

या पंधराही फाइली तिने जपून ठेवल्या आहेत. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस उरला असताना तिने आम्हांला फोन करून विचारले, “काका, सगळ्या पेट्या लावल्या तर चालंन का? चुकलेल्याबी?” आम्ही म्हटले, अवश्य लाव. तिने शिक्षकांची परवानगी घेतली आणि पंधरा पेट्यांच्या लहान छापील प्रती एका ओळीत पडद्याखाली डकवल्या. मिठाईच्या खोक्यासारखी दिसणारीही त्यात होती. परीक्षक महोदय पुन्हा आले की नाही ते आम्हांस ठाऊक नाही. पण पहिल्या वर्षाची मुले त्या ओळीपुढे बराच वेळ उभी होती, आणि पाचवी का चमकते यावर त्यांचा वाद रंगला होता.

पालकांसाठी चार शब्द, कारण हे वाचून कोणी उद्याच मुलाला एखाद्या झगमगीत संस्थेत घालायला निघेल. या धंद्यात काम आहे, तसा धोकाही आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत ‘लाइफ ऑफ पाय’ला दृश्य परिणामांचे ऑस्कर मिळाले आणि त्याच महिन्यात त्यावर काम करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तिचे स्टुडिओ मुंबईत आणि हैदराबादेतही होते. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर समूह कोसळला आणि भारतातील हजारो कलाकार रस्त्यावर आले. तेव्हा ‘शंभर टक्के नोकरी’ असे छापणाऱ्या संस्थेला लाखाची फी एकरकमी मोजण्यापूर्वी तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का, शिष्यवृत्तीला पात्र आहे का, हे लेखी विचारा. जाहिरातीचा कागद आणि पावत्या जपून ठेवा. कामाच्या मालकीबद्दल कायदा असा आहे की नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मालकच असतो. नोकरी सोडताना ते काम आपल्या नमुन्यांत दाखवायचे तर परवानगी लेखी घ्यावी. पण विद्यार्थ्याने स्वतः केलेले काम विद्यार्थ्याचे. प्रवेशाच्या अर्जावर बारीक अक्षरांत ‘सर्व कामाचे हक्क संस्थेकडे’ असे काही असेल तर सही करण्याआधी वाचा. कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याकडे जायला सहीचा कागद लागतो आणि ती सही आपणच केलेली असते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने याच क्षेत्रासाठी मुंबईत राष्ट्रीय संस्थेला मंजुरी दिली. तेथे आपली किती मुले बसतात, यावर आपल्या विद्यार्थी संघटनांनी आतापासून लक्ष ठेवायला हवे.

मुलगी आता पेटी सोडून हाताकडे वळली आहे. आजीचा हात, पेटीच्या कडीवर ठेवलेला. पहिला हात तयार झाला आणि आजीला दाखवायला विहारात आणले. आजीने चष्मा लावून पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, “माहा हात एवढा गोरा कवा झाला वं?”

सगळे हसले. मुलगी हसली नाही. तिने रंग गडद करून पाहिला, तर हात मातीच्या बाहुलीचा दिसू लागला. मग शोध घेताना तिला कळले की हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. येल विद्यापीठातील थिओडोर किम यांनी २०२० मध्ये याच विषयावर लेख लिहून सांगितले आहे की संगणकावर ‘मानवी कातडी’ दाखवण्याचे म्हणून जे तंत्र वाढवले गेले, ते मुख्यतः गोऱ्या कातडीत प्रकाश शिरून आतून जी लालसर झाक येते तिच्यावर बेतलेले आहे. सावळ्या, काळ्या कातडीचे सौंदर्य बरेचसे तिच्या वरच्या चकाकीत असते; तिकडे मात्र तेवढे लक्ष दिले गेले नाही. म्हणजे परक्या देशातील शास्त्रज्ञांनी ‘माणूस’ म्हणून जो नमुना समोर ठेवला, त्यात आमची आजी नव्हतीच. नुसता रंग गडद करून ती त्यात येणार नाही. तिच्यासाठी पुन्हा रफनेसपासून सुरुवात करावी लागेल.

तेच सुरू आहे. ढगाळ दिवस पाहून, म्हणजे कडक सावल्या पडत नाहीत तेव्हा, आजीच्या हाताची छायाचित्रे काढली गेली. रात्री मोबाईलचा तिरका उजेड धरून तोच हात वहीत उतरवला गेला. बोटांच्या पेरांवर चकाकी, तळहाताकडे वळणाऱ्या कडेला फिकट तपकिरी, भाकरीच्या तव्याने भाजल्याची जुनी खूण, नखांत हळदीची पिवळी कड. सध्या सहावी फाइल चालू आहे. अंगठ्याजवळची कातडी अजून मेणासारखी दिसते, असे ती स्वतःच सांगते. वाचनालय रात्री नऊला बंद होत असे. गेल्या आठवड्याच्या बैठकीत एक चावी तिच्याकडे देण्याचे ठरले, आणि संगणकाची मेमरी वाढवण्यासाठी वर्गणीची वही पुन्हा उघडली आहे.